चीनची आडबाजूची बंदरे आणि त्रिपुरी पौर्णिमा

प्रश्न : माझे यजमान तेहतीस वर्षे व्यापारी जहाजांवर इंजिन विभागात होते. निंगबो, चिंगदाओ, यानताय ही नावे मी त्यांच्या पत्रांतून वाचत आले. पण जहाज धक्क्याला लागले की माल उतरेपर्यंत इंजिनची कामे आणि मग पुन्हा समुद्र, असे चालल्याने त्यांनी फाटकाबाहेरची ती शहरे जवळजवळ पाहिलेलीच नाहीत. आता ते ६६ वर्षांचे आहेत आणि मी ६२. दिवाळीनंतर बारा दिवस चीनला जावे, पण बीजिंग-शांघायऐवजी कमी गर्दीची बंदरे पाहावीत, असे आमच्या मनात आहे. नातेवाईक म्हणतात, "त्या गावांत बघण्यासारखे काय आहे?" मी पूर्ण शाकाहारी आहे, ते मासे खातात, चिनी भाषा दोघांनाही येत नाही. कोणती गावे निवडावीत, आणि भारतीय म्हणून तिथे काही त्रास होईल का? — एक वाचक, वसई

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मी दोनदा वाचले. आपण अवश्य जा. मात्र पत्रासोबत पाठवलेल्या यादीतली पाच बंदरे बारा दिवसांत करू नका. तसे केले तर यजमानांनी नोकरीत जे सोसले तेच सुट्टीत पुन्हा होईल, म्हणजे रात्री पोहोचायचे, सामान उतरवायचे आणि तिसऱ्या दिवशी निघायचे. माझ्या मते दोनच गावे निवडावीत. फुच्येन प्रांतातल्या छ्वानचौला किमान पाच रात्री द्याव्यात, त्यानंतर निंगबोला चार, आणि उरलेले दिवस प्रवासाला ठेवावेत. यानताय सुंदर आहे, परदेशी वकिलातींच्या जुन्या इमारतींची टेकडी आणि १८९२ पासूनचा द्राक्षमद्याचा कारखाना पाहण्यासारखा आहे, पण नोव्हेंबरात उत्तरेकडचा वारा साठीच्या माणसाला सुखाचा नसतो, म्हणून ते पुढच्या एखाद्या मे-जूनसाठी राहू द्या. दक्षिणेकडचे बेहाय हवेला छान आहे, पण तुमच्या मार्गापासून फार कोपऱ्यात पडते.

प्रथम नावाविषयी सावध करते, कारण इथे झालेली चूक महाग पडते. छ्वानचौ, ग्वांगचौ, हांगचौ, फूचौ ही सगळी वेगवेगळी शहरे आहेत, आणि रोमन लिपीत छ्वानचौ व ग्वांगचौ यांत घाईच्या डोळ्यांना फरक कळत नाही. एका प्रवास-दलालाने माझे हॉटेल एका शहरात आणि रेल्वेचे तिकीट दुसऱ्या शहराचे काढले होते. ती चूक मला फलाटावर उभी असताना कळली. चिनी लिपीतले नाव एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून घ्या आणि प्रत्येक आरक्षण त्या अक्षरांशी ताडून पाहा. छ्वानचौत रेल्वेची स्थानकेही एकाहून अधिक आहेत, तेव्हा स्थानकाचे पूर्ण नाव तपासा.

आता "त्या गावांत काय आहे" याचे उत्तर. सोंग आणि युआन राजवटींच्या काळात, म्हणजे दहाव्या ते चौदाव्या शतकांत, छ्वानचौ हे जगातल्या मोठ्या बंदरांपैकी एक होते. अरब त्याला 'झैतून' म्हणत. हा शब्द बहुधा 'त्सथुंग' या चिनी नावावरून आला, आणि त्सथुंग म्हणजे आपला पांगारा. शहराभोवती ही झाडे लावलेली असल्याने गावाला झाडाचे नाव पडले. मार्को पोलोने चीनमधून परतीचा प्रवास याच बंदरातून सुरू केला, आणि चौदाव्या शतकात आलेल्या इब्न बतूताने त्याची गणना जगातल्या सर्वांत मोठ्या बंदरांत केली. पुढे बंडाळ्या झाल्या, मिंग राजवटीने समुद्रावर बंदी घातली, खाडी गाळाने भरत गेली आणि बंदर मागे पडले. वसईत राहून सोपाऱ्याची खाडी पाहिलेल्या माणसाला ही हकिकत वेगळी समजावून सांगावी लागत नाही. २०२१ मध्ये युनेस्कोने इथली २२ स्थळे मिळून जागतिक वारशाच्या यादीत घेतली.

इथे गेल्यावर पहिली सकाळ कायुआन मंदिरासाठी ठेवा. हे बौद्ध मंदिर ६८६ मध्ये स्थापन झाले, आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे पाच मजली दगडी मनोरे तेराव्या शतकातले आहेत. बहुतेक प्रवासी मनोऱ्यांचे फोटो काढून परत फिरतात. आपण तसे न करता मुख्य सभामंडपाला वळसा घालून मागच्या बाजूला जा. तिथे इतरांपेक्षा वेगळ्या, हिरवट-करड्या दगडाचे सोळा बाजूंचे दोन खांब आहेत. त्यांवर ताटाएवढ्या गोल चौकटी कोरलेल्या आहेत, आणि त्या चौकटींत हिरण्यकशिपूला मांडीवर घेतलेला नरसिंह आहे, उखळाला बांधलेला आणि दोन अर्जुन वृक्षांच्या मधून ते उखळ ओढत नेणारा बाळकृष्ण आहे. मी पहिल्यांदा तिथे उभी होते तेव्हा पाऊस नुकताच थांबला होता, दगड ओला असल्याने कोरीव काम जास्त उठून दिसत होते, आणि माझ्या शेजारी उदबत्ती घेऊन उभ्या असलेल्या एका आजींनी माझ्याकडे, मग खांबाकडे आणि पुन्हा माझ्याकडे पाहून मान हलवली. आम्हा दोघींना एकमेकींचा एकही शब्द येत नव्हता, पण ते चित्र कुठल्या देशातून आले हे त्यांना ठाऊक असावे असे मला वाटले, आणि त्या क्षणी जो आपलेपणा जाणवला तो कोणत्याही सहलीत मला मिळाला नव्हता.

हे खांब मुळात एका हिंदू मंदिराचे आहेत. तमिळ व्यापाऱ्यांनी या गावात शिवमंदिर उभारले होते, आणि त्यासंबंधीचा तमिळ लिपीतला १२८१ चा शिलालेख इथे सापडला आहे. मंदिर पडल्यावर त्याचे दगड इतर बांधकामांत वापरले गेले. सभामंडपाच्या जोत्यातल्या मानवी चेहऱ्यांच्या सिंहांच्या पट्ट्याही त्यांतल्याच आहेत. शहराच्या सागरी इतिहास संग्रहालयात अशा अनेक शिळा अरबी लेखांच्या कबरींशेजारी आणि कमळावर क्रूस कोरलेल्या ख्रिस्ती शिळांशेजारी मांडलेल्या आहेत. जवळच्या छेत्येन गावात तर अशाच एका जुन्या देवीच्या मूर्तीची पूजा गावकरी क्वानयीन या करुणेच्या देवतेचे रूप मानून आजही करतात.

यजमानांसाठी मात्र खरी जागा कायुआनच्या आवारातले जहाजाचे दालन ही आहे. १९७४ मध्ये इथल्या हौचू बंदराच्या चिखलातून तेराव्या शतकातले एक सागरी गलबत उकरून काढले गेले. त्याचा उरलेला भाग २४ मीटर लांब आणि ९ मीटरांहून थोडा अधिक रुंद आहे. आत आडव्या भिंती घालून तेरा कप्पे केलेले आहेत, म्हणजे एका कप्प्यात पाणी शिरले तरी गलबत तरंगत राहावे. जन्मभर इंजिनच्या खोलीत पाण्यापासून जहाज राखलेला माणूस ही रचना पाहून किती वेळ उभा राहील याचा अंदाज मला आहे, म्हणून त्या दिवशी दुपारचे दुसरे काही ठरवू नका. त्या गलबतात सुगंधी लाकूड आणि मिरी सापडली, हेही त्यांना सांगा.

दुसऱ्या दिवशी लुओयांग पूल पाहा. लुओयांग नावाचे मोठे शहर दूर हनान प्रांतात आहे, त्याचा याच्याशी घोटाळा होऊ देऊ नका. खाडीच्या मुखाजवळचा हा दगडी पूल त्साय श्यांग या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली १०५३ ते १०५९ या काळात बांधला गेला. खाडीच्या तळाशी दगड टाकून आधी बांध घातला, त्यावर नावेच्या टोकासारखे निमुळते खांब उभे केले, भरतीच्या पाण्यावर तराफ्यांतून लांबलचक शिळा आणून ओहोटीबरोबर त्या जागेवर बसवल्या, आणि मग पायाच्या दगडांवर कालवे वाढवली. कालवे आपल्या शिंपांनी दगडाला अशी घट्ट चिकटतात की फटी आपोआप बुजतात आणि पाया एकसंध होतो. कोकणच्या खडकांवर कोयतीने कालवे फोडणाऱ्या बाया ज्याने पाहिल्या आहेत त्याला या युक्तीची ताकद लगेच समजेल. पूल पाऊण किलोमीटरच्या आसपास लांब आहे, सपाट आहे, आणि सावकाश चालता येतो. आजही ओहोटीला त्याच्या दोन्ही अंगांना कालवांचे दगड उघडे पडतात.

तिथून शुन्फू या कोळ्यांच्या वस्तीत जा. तिथल्या जुन्या घरांच्या भिंती कालवांच्या मोठमोठ्या शिंपांनी चिणलेल्या आहेत. हे शिंपले इथले नव्हेत, दूरच्या किनाऱ्यांवरून रिकामी परतणारी जहाजे नीरम म्हणून, म्हणजे जहाज स्थिर राहावे यासाठी तळाशी ठेवायचे वजन म्हणून, ते भरून आणत, असे स्थानिक लोक सांगतात. शुन्फूच्या बायका केसांचा अंबाडा घालून त्याभोवती ताज्या फुलांची कडी गुंफतात. आपल्या वळेसराची आठवण झाल्यावाचून राहत नाही. अलीकडे हा शृंगार करून फोटो काढून घेण्यासाठी देशभरातल्या तरुण मुली तिथे येतात, त्यामुळे शनिवार-रविवारी गल्लीत चालता येत नाही. मधल्या वारी सकाळी जा, आणि आपणही फुले माळून घ्या. वयाचा विचार करू नका, तिथल्या सत्तरीच्या कोळिणी रोज माळतात.

१००९ मध्ये बांधलेली छिंगचिंग मशीद आणि तिच्या शेजारचे क्वान-यू या वीराचे गजबजलेले मंदिर एकाच रस्त्यावर असल्याने एका संध्याकाळी होते. शक्ती उरली तर शेजारच्या चिनच्यांगमधले त्साओआन पाहा. तिथे मणी या इराणी धर्मसंस्थापकाची १३३९ ची दगडी मूर्ती आहे.

निंगबोला छ्वानचौहून समुद्रकाठच्या लोहमार्गाने चार-पाच तास लागतात. इथे यजमानांना एक गोष्ट निघण्याआधीच सांगून ठेवा, म्हणजे मन खट्टू होणार नाही. ज्या धक्क्यावर त्यांचे जहाज लागत होते तो बहुधा शहरात नसून पूर्वेला कित्येक किलोमीटरांवर बेलुनला असणार, आणि तिथे पर्यटकाला आत जाता येत नाही. निंगबो-चौशान हे मालाच्या वजनाच्या हिशेबाने जगातले पहिल्या क्रमांकाचे बंदर आहे. २०१७ मध्ये वर्षाला १०० कोटी टनांचा टप्पा सर्वप्रथम त्यानेच ओलांडला. कुंपणाबाहेरून धक्क्यांचे, आणि चुकूनही नौदलाच्या जहाजांचे, फोटो काढू नका. त्याऐवजी बेलुन भागातच २०१४ मध्ये उघडलेल्या चीनच्या बंदर संग्रहालयात त्यांना घेऊन जा. बंदरे कशी वाढली, माल कसा चढतो-उतरतो, बुडालेल्या जहाजांचा शोध कसा घेतात, हे सारे तिथे मांडलेले आहे, आणि त्यातल्या अनेक गोष्टींचा अर्थ आपल्याला समजावून सांगणारा माणूस आपल्या सोबतच असेल.

बेलुनकडच्या दिशेलाच आणखी एक जागा आहे जी मी वसईकरांना मुद्दाम सुचवते. तिचे नाव आयुवांग मंदिर, म्हणजे सरळ अर्थाने अशोकराजाचे मंदिर. सम्राट अशोकाने वाटलेल्या बुद्धधातूंपैकी एक अंश इथे आहे, अशी तिथली परंपरा आहे. आपल्या घरापासून हाकेच्या अंतरावरच्या नालासोपाऱ्याला अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा आणि 'बुरूड राजाचा कोट' म्हणून ओळखला जाणारा स्तूप सापडला. त्याच अशोकाचे नाव पूर्व चीनच्या एका बंदरातल्या कमानीवर वाचायला मिळते.

शहरात तीन नद्यांचा संगम आहे आणि त्याच्या काठाला जुनी परदेशी वखारवस्ती आहे. पहिल्या अफू युद्धानंतरच्या १८४२ च्या तहाने जी पाच बंदरे जबरदस्तीने उघडली गेली त्यांत निंगबो होते. त्या अफूचा मोठा वाटा माळव्यातून मुंबईमार्गे गेलेला होता, हे आपण मुंबईच्या परिसरातल्या लोकांनी त्या काठावर चालताना विसरू नये असे मला मनापासून वाटते. त्यानंतर थ्येनयी हे पुस्तकालय पाहा. फान छिन या अधिकाऱ्याने १५६१ मध्ये ते बांधायला घेतले, आणि चीनमधले टिकून राहिलेले सर्वांत जुने खासगी ग्रंथालय म्हणून ते ओळखले जाते. आगीच्या भीतीने समोर तळे खोदलेले आहे, नावही पाण्याचा शकुन धरून ठेवलेले आहे, आणि पुस्तक आवाराबाहेर नेण्यास घरातल्या माणसालाही सक्त मनाई होती.

आता आपल्या जेवणाविषयी. भाजीचा पदार्थ मागितला म्हणजे तो शाकाहारी असेलच असे नाही, कारण त्यात डुकराची चरबी, कालवांचा सॉस किंवा सुकी कोळंबी सर्रास पडते. निंगबोच्या प्रसिद्ध थांगयुआन या गोळ्या दिसायला आपल्या तांदळाच्या उकडीच्या आणि आत काळ्या तिळाच्या गोड सारणाच्या असतात, पण परंपरेने त्या सारणात चरबी घालतात. दुकानदाराला विचारल्याशिवाय खाऊ नका. "मी मांस, मासे, अंडी खात नाही, चरबी, कालवांचा सॉस आणि कोळंबीही चालत नाही" हे वाक्य कोणाकडून तरी चिनीत लिहून घेऊन जवळ ठेवा. 'वो छ्र सू', म्हणजे मी शाकाहारी आहे, एवढे बोलायलाही शिका. बौद्ध मंदिरांच्या आसपासची शाकाहारी खानावळ शोधा. तिथे कांदा-लसूणही नसते. छ्वानचौत दुपारी 'शर्‌हुआ-काओ' मिळते, ती समुद्रवनस्पतीची मधातली थंडगार वडी, म्हणजे आपले चायना ग्रास. यजमानांना मात्र कालवे घालून तव्यावर भाजलेली पोळी रोज खाता येईल. आणि कोणी 'ते' विचारले तर गोंधळू नका. इथल्या मिननान बोलीत चहाला 'ते' म्हणतात. इंग्रजांचा शब्द या किनाऱ्यावरून गेला आणि आपला 'चहा' दुसऱ्या बोलीतून आला.

व्हिसाबाबत स्पष्ट लिहिते. समाजमाध्यमांवर परदेशी प्रवासी "दहा दिवस व्हिसाशिवाय" चीन फिरल्याचे सांगतात. त्या २४० तासांच्या सवलतीच्या यादीत भारत नाही. मुंबईच्या चिनी वाणिज्य दूतावासाच्या कक्षेत महाराष्ट्र येतो, तेव्हा अर्ज तिथेच करावा लागेल. हाँगकाँगमार्गे गेलात तर तिथल्या थांब्यासाठी भारतीयांना ऑनलाइन पूर्वनोंदणी करावी लागते, आणि हाँगकाँगहून जलद रेल्वेने सुमारे चार तासांत शियामेन व पुढे अर्ध्या-पाऊण तासात छ्वानचौ गाठता येते. एक मात्र लक्षात ठेवा की मुख्य भूमीतून हाँगकाँगला परत येणे म्हणजे चीनमधून बाहेर पडणे होय. एकदाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर पुन्हा आत जाता येत नाही. म्हणून हाँगकाँगहून आत जा आणि निंगबोहून दोन-अडीच तासांवरच्या शांघायहून मायदेशी परता, म्हणजे हा प्रश्नच उरणार नाही.

रेल्वेला कागदी तिकीट नसते, पारपत्र हेच तिकीट असते; ते फाटकावर हातात तयार ठेवा. हॉटेल निवडताना परदेशी पाहुण्यांची नोंदणी करतात का हे आधी विचारून घ्या, कारण लहान ठिकाणी काउंटरवरच्या माणसाला ती प्रक्रिया ठाऊक नसते आणि आपली रात्र खोळंबते. दैनंदिन पैशांसाठी अलीपे हे ॲप घरूनच फोनवर घेऊन आपले कार्ड त्याला जोडा, आणि थोडे रोख युआनही ठेवा. गूगल आणि व्हॉट्सॲप तिथल्या जाळ्यावर चालत नाहीत. भारतातून आंतरराष्ट्रीय रोमिंग घेऊन गेलात तर सहसा चालतात. नकाशासाठी गाओदे हे चिनी ॲप वापरा.

भारतीय म्हणून त्रास होईल का, या प्रश्नाला मी माझ्या अनुभवापुरते उत्तर देते. मला कुतूहल भेटले, वैर भेटले नाही. दुकानातली माणसे भाषांतराचे ॲप पुढे करून तुम्ही कुठल्या, इतक्या लांब या गावात कशा आलात, असे विचारतात. राजकारणाचा आणि सीमेचा विषय आपण काढू नये, आणि कोणी काढला तर हसून चहाकडे वळावे.

दिवसांची आखणी करताना पंचांग उघडा. दिवाळीनंतर पंधरवड्याने येणारी त्रिपुरी पौर्णिमा तुमच्या सहलीत बसेल, आणि ती छ्वानचौच्या मुक्कामात पडेल असे पाहा. चिनी महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी तिथले अनेक भाविक शाकाहार पाळतात, मंदिरांत गर्दी होते, आणि आपल्याला त्या दिवशी जेवण शोधावे लागणार नाही. शिवाय पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते, तशी ओहोटीही सर्वांत खोल जाते. त्या दिवशीची ओहोटीची वेळ हॉटेलात विचारून घ्या आणि तासभर आधी लुओयांग पुलावर जाऊन उभे राहा, म्हणजे पाणी उतरताना खांबांचे पाय आणि त्यांवरची कालवे हळूहळू उघडी पडताना दोघांना दिसतील.